तीन मिनिटं

कन्नमवार नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरून
आईचं सामान उतरवायला मुनाफला चाळीस मिनिटं लागली.
मला वाटलं होतं, दिवस जाईल.

कपाट न्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं.
तिकडे भिंतीतलं कपाट आहे, मी म्हटलं,
जशी काही ती बढतीच होती.
तिने विचारलं, चावी कुणाकडे राहते?
मी चौकशी केली नव्हती.

पुरणयंत्र शेजारच्या लीनाला.
शिलाई मशीन कुणालाच नको, म्हणून वॉचमनला,
त्यालाही नकोच होतं, पण तो नाही म्हणू शकला नाही.
उरलं ते एक गादी, दोन पेट्या,
टेलिफोन खात्याने निरोपाला दिलेलं घड्याळ (चालू),
आणि तो काळा हेडसेट,
जो एकोणनव्वद साली ट्रंक एक्सचेंज आवरताना
तिच्या पिशवीत चुकून आला
आणि चुकून कधीच परत गेला नाही.

गाडी मी बोलावली होती, एसी.
ती टेम्पोत बसली, मुनाफच्या शेजारी.
"सामान सामानाबरोबर जातं," म्हणाली,
हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.
मागच्या गाडीत मी एकटी.
भांडुपची मिठागरं संपेपर्यंत
ते हसू भातातल्या खड्यासारखं दाढेखाली.

मुलुंडला फॉर्म.
आजगावकर मॅडमनी चष्मा पुसून वाचलं:
कुमुदिनी टिपणीस, वय एक्याऐंशी. निकटच्यांचे फोन?
आणि आई सुरू झाली.
बाबांच्या ऑफिसचा, सहा आकडी, एक्स्टेंशन सतरा.
पार्ल्याच्या मावशीचा. मावशी गेली,
नंबर तिच्याही आधी गेला.
भायखळ्याचं फायर ब्रिगेड. नायरची कॅज्युअल्टी.
नागपूरच्या कुणा संत्रेवाल्या अडत्याचा,
ज्याला तिने आयुष्यात पाहिलं नाही,
पण ज्याचा खोकला तिला ओळखू यायचा.
मॅडमचं पेन हवेत थांबलेलं.
"बरं, आणि मुलीचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं.
माझा नंबर तिला येत नव्हता.
माझ्या फोटोवर बोट ठेवलं की मी लागते.
सबंध मुंबईला साऱ्या मुलखाशी जोडून दिलेल्या बाईला
माझे दहा आकडे कधी लागलेच नव्हते.
मीच लिहिले. हात नीट चालेना,
सातचा एक झाला, खोडून पुन्हा सात केला.

खोली दोनशे चौदा. पलंगाशी लाल दोरी,
ओढली की कुणीतरी येतं.
तिने लगेच ओढली.
घड्याळाकडे बघत बसली.
धापा टाकत मुलगी आली, ओले हात, विचारलं, काय झालं आजी?
"काही नाही. चार मिनिटं लावलीस.
आमच्याकडे आठ सेकंदांच्या आत उचलायचं."

लहानपणी मी शाळा सुटल्यावर कधीकधी
तिच्या ड्युटीवर जाऊन बसायचे.
ओळीने बायका, ओळीने दोऱ्या.
कुणाचं लग्न ठरत असो, कुणी रडत असो,
मधे शिरून ती त्याच एका आवाजात सांगायची,
ना कठोर, ना मऊ.
मला तेव्हा तिची भीती वाटायची.

आता मी निघायचं म्हणून उठले.
जग भरला. चादर ओढली, ती ताठच होती.
खिडकी उघडी ठेवू की बंद, विचारलं.
गोळ्यांचा डबा सोमवारपासून लावलाय, दोनदा सांगितलं.
दारात चपला घातल्या, तिथेच उभी राहिले.
आई पलंगाच्या कडेला, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले,
ओठांत काहीतरी पुटपुटत होती,
दोन-दोन आकडे, माझे.
आठव्यावर अडली. पुन्हा पहिल्यापासून.

मग घड्याळाकडे बघून तिने मान वर केली,
आणि तोच आवाज, चाळीस वर्षं जपून ठेवल्यासारखा:
"तीन मिनिटं झाली. वाढवायचे का?"

हो, म्हटलं, वाढवा.
पर्स खाली ठेवली.
बिल कुणाच्या नावावर,
ते तिने विचारलं नाही.