कोरडा टॉवेल

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. मे महिना.
नरसय्यानं रात्री गाडीखाली टॉवेल अंथरला,
सेकंडचा, पांढरा, काठ उसवलेला.
सकाळी टॉवेल कोरडा.
डिपस्टिकही कोरडी.

"पिते ही," बिराजदारांचा पोरगा म्हणाला,
"रोज लिटरभर ओततो."
होटगी रोडपासून निळा धूर सोडतच आला होता.

नरसय्या पूर्वी मागावर जॉबर.
एअर फिल्टरच्या डब्यात बोट फिरवलं,
बोट चोळलं, हुंगलं,
काही बोलला नाही.
चावी फिरवली, गाडी चालूच ठेवली
आणि चहा सांगितला.

काटा नव्वदला टेकला.
इंजिन घुमत असतानाच
त्यानं सळई ओढली:
तेल खुणेच्या चार बोटं वर.

"हिचं तेल पोटात नसतं रे, टाकीत असतं.
उभी राहिली की रात्रभर हळूहळू खाली झिरपतं,
पंप फिरला की परत वर.
तू झोपलेलीला विचारायचास, जेवलीस का,
गप्प राहिली की आणखी वाढायचास.
मग ओकणारच ना ती."

अडीच लिटर काढलं.
समोरच्या कारखान्यात पाळी बदलली,
खटखट थांबली, पुन्हा लागली.

बिलात टॉवेलचे साठ रुपये होते.
"डाग तर पडला नाही," पोरगा म्हणाला.
"त्याचेच," नरसय्या म्हणाला.