लिहिण्याचा वेग

जेल रोडच्या गल्लीत दुपारी साडेबाराला
मुर्तजाभाई शटर अर्धंच वर करतो,
मी वाकून आत जाते.
"एकशे अठ्ठावीसचं देऊ, ताई? सातशेला आहे. ओरिजनल."
मी पर्समधून मागल्या वर्षीचं कार्ड काढते
आणि काचेवर ठेवते.
त्यावरही एकशे अठ्ठावीसच छापलंय.

आत जागा होती आठ जीबीची.
पुढचं सगळं त्यानं हो हो म्हणत घेतलं,
लाल दिवा इमानदारीत लुकलुकत राहिला,
कॅमेऱ्याच्या पडद्यावर चिमुकली चित्रंसुद्धा उमटली.
रामबागेत घरी येऊन उघडलं
तर करड्या पट्ट्या.
समोरचा मान डोलावत ऐकतो
आणि निघताना विचारतो, "काय म्हणत होतात?"
तसं.

गेर मात्र शाबूत होती.
टोरी कॉर्नरला तिसऱ्या मजल्यापर्यंत उडालेला गुलाल,
टँकरवर चढलेली पोरं,
जे अख्ख्या इंदूरच्या फोनमध्ये आहे ते सगळं.
गेलं ते दीडनंतरचं.
गेर पुढे सरकते तशी मागून झाडूंची रांग येते,
त्यामागे पाण्याची गाडी,
आणि थोड्या वेळात राजवाड्यासमोरचा रस्ता असा होतो
की इथे कुणी शिंकलंही नसेल.
'हे शहर स्वतःला फॉरमॅट करतं',
असं मी तेव्हा दोघातिघांना ऐकवलं होतं.
वाक्य आवडलं होतं माझं मलाच.

त्या रांगेत सुगनाबाई होती.
रंग खेळली नव्हती ती,
झाडून झाडून तिच्या पापण्या गुलाबी झाल्या होत्या.
तिने पदर सारखा केला, झाडू मागे लपवला,
मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा पुढे आणला.
"फोटू दोगी ना, दीदी? कागजवाला."
मी हो म्हणाले होते.
त्या कार्डासारखंच.

"हे आमच्याकडचं नाही," असं मुर्तजाभाई म्हणेल
म्हणून वाटेत चार उत्तरं घोकली होती.
तो कार्ड उलटं करतो,
सोनेरी पट्ट्यांवरून नख फिरवतो, आणि म्हणतो,
"आमचंच आहे. सियागंजवाल्यानं मलाही फसवलं."
उत्तरं तशीच राहतात.

मग तो शिकवतो. चष्मा कपाळावर.
"हा मोठा आकडा सोडा, तो वाचण्याचा.
वाचायचं काय, सावकाश वाचता येतं.
लिहिण्याचा वेग इथं बघा, कोपऱ्यात,
यू आहे ना, त्याच्या पोटात तीन."
मुंगीएवढा तीन.
एका मोठ्याऐवजी मी चौसष्टची दोन घेते,
सगळा दाणा एका कणगीत नको.

आणि रीडर?
माझ्या जुन्यात कार्ड तिरकं धरून
काडेपेटीची काडी खोचावी लागते,
श्वास रोखून. हलली काडी की तुटला धागा.
तो निळ्या जिभेचा एक काढतो,
आणि माझ्यादेखत कार्ड भरायला घेतो.
भरायला दुसरं काही नाही,
म्हणून त्याच्या झैनबच्या शाळेतल्या नाचाचा व्हिडिओ,
तोच, पुन्हा पुन्हा,
काठोकाठ.
दोन कट चहा होतात.
एक गिऱ्हाईक चार्जरवरून भांडून जातं.
मग तो सगळ्यात शेवटची प्रत उघडतो,
आणि झैनब, एकशे बाराव्यांदा,
उजवा पाय चुकवते, जीभ चावते,
एक ठिपकाही न हरवता.

कार्डांचे पैसे तो घेत नाही.
रीडरचे घेतो, अडीचशे. बरोबर आहे.

रंगपंचमी रविवारी.
सुगनाबाई त्याच पाळीत असेल का, माहीत नाही,
वॉर्ड बदलतात त्यांचे.
मी सकाळी सातलाच जाणार आहे गौराकुंडाला,
झाडू कोरडे असतात
आणि बाया ओट्यावर बसून बांगड्या मागे सारत असतात तेव्हा.
पहिलं कार्ड त्यांचं.
गेर काय,
उरल्या जागेत मावेल.