सगळ्याला 'ग'

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात नुसतं एक, दोन, तीन म्हणून भागत नाही.
खिळा म्हणजे एक 'गन', काडीसारखा.
पॉलिशपेपर एक 'जांग', पसरलेला.
हातोडी, छत्री, कुलूप : एक 'बा',
मुठीत मावतं, मुठीने धरतात, ते सगळं 'बा'.
कुणी केळ्यांची जुडी म्हणालं आणि कांद्याच्या पातीचा घड,
तर हसाल ना? तसं इथे हसतात.

माझा श्याओमान सगळ्याला 'ग' म्हणतो.
एक ग खिळा. एक ग कुलूप.
वेइ नदीच्या पुलावर कठड्याला नाक टेकवून
एक ग नदी,
जणू ती खिशात घालून घरी न्यायची आहे.

पाच वर्षं, दोन महिने.
गव्हाच्या दाण्यात चीक भरतो त्या दिवसाचा जन्म,
म्हणून हे नाव. भरत आलेला, अजून पिकायचा.
सासूबाईंनीच ठेवलं. आता म्हणतात, नाव नडलं.
न्यी काकू म्हणते, थोरांना वाचा उशिरा फुटते.
तिचा नातू दीड वर्षाचा असताना टरबुजाचा भाव करायचा.

शिआनच्या इस्पितळात कान तपासले. ठणठणीत.
ठोकळे दिले, ते त्याने माझ्याआधी रचले.
मग श्युन बाईंनी चित्रं मांडली :
सिंह हत्तीकडून ढकलला गेला. पडलं कोण?
त्याने हत्तीवर बोट ठेवलं.
पुन्हा विचारलं. पुन्हा हत्ती.
"त्यातला 'बेइ' निसटतो," बाई म्हणाल्या,
"ऐकू येतो, पण हाताला लागत नाही."
एवढासा शब्द,
आमच्याकडच्या सगळ्यात बारीक वॉशरएवढा.
मी मनात म्हटलं, वॉशरने काय अडतंय.
आणि मीच रोज गिऱ्हाइकांना सांगते
की नळ गळतो तो वॉशरमुळे.

मार्चमध्ये बालवाडीतून फोन आला,
श्याओमान झ्वोरानला चावला.
अर्धं शटर ओढून धावले.
तो भिंतीकडे तोंड करून उभा, बूट उलटे घातलेले.
"आम्ही दटावलं नाही हो," काओ बाई म्हणाल्या,
"त्याने स्वतःच कबूल केलं."
काय म्हणाला? नेमकं काय?
"मी. झ्वोरान. चावला."

मी त्याची बाही वर सरकवली.
मनगटावर दातांचे दोन कोर, निळे पडत चाललेले,
वरच्या कोरीत मधोमध एक फट.
झ्वोरानचा पुढचा दात सोमवारीच पडला होता,
डबीत घालून त्याने सगळ्या वर्गाला दाखवला होता.

मी ओरडले नाही.
ओरडायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
श्याओमान माझ्याकडे बघत होता,
खरं सांगितलेल्या माणसासारखा,
आपलं कुठे चुकलं ते न कळलेला.

आता रोज रात्री गल्ल्यामागे सराव.
पक्कड ही मांजर, पाना हा कुत्रा.
कुत्र्याकडून मांजर चावली गेली.
चाळीस वेळा. तो पक्कडीला थोपटतो,
तिला लागलंय हे त्याला समजतं,
ते सांगणारा शब्द तेवढा येत नाही.
मग मोजणी.
कुलूप? एक ग.
नाही रे, बा. एक बा कुलूप.
दोरी? एक ग.
छत्री? जांभई.
मी थकून स्वतःच्याच छातीवर बोट टेकवलं.
आणि ही?
तो थांबला. वर पाहिलं, खाली पाहिलं,
जणू मी कुठून धरायची ते शोधत होता.
"एक ग आई."

माणसांना 'ग'च लागतो.
काडी नाही, पसरट नाही, मुठीतलं नाही,
माणूस म्हणजे नुसता एक ग.

वहीत बरोबरची खूण करायला पेन शोधत होते
तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून कुणीतरी विचारलं,
वॉशर आहेत का? अर्ध्या इंचाचे?