चक्कीची वेळ

सिंदेवाहीच्या शालिक मेश्रामनं
रेकॉर्ड प्लेअरखाली सागाची फळी घातली,
फळीखाली टेनिसचे चेंडू, अर्धे कापून.
सायकलच्या ट्यूबचा पट्टा गेला.
नवा नागपूरहून आला, सुईसोबत,
एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून.
शेवटी मोटरच बदलली,
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर घेतली.
घरघर थांबली,
जिला तो वीस वर्षं तंबोरा समजत होता.

आता व्होल्टेज पडलं तरी
बाईचा आवाज बापयाचा होत नाही.

दुपारी दोघं ऐकत बसली.
ओळीआधी गाणारीनं घेतलेला श्वास
पहिल्यांदाच घरात आला.

"बेस झालं," सुगंधा म्हणाली.
मग जरा वेळानं,
"पन गानं जड झालं का मले समजे,
चक्की सुरू झाली.
डबा घेऊन उठो मी.
आता?"