नांगर

रोस्कॉफच्या बंदरात ओहोटी लागली
की होड्या एका कुशीवर कलंडतात
आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून
चिखलात रुतलेले त्यांचे नांगर दिसतात.

मी बघत असते एक कृमी,
मिलिमीटरभर, काचेसारखा आरपार.
त्याच्या पोटात दोन पेशी, शेजारीशेजारी.
एकीनं नांगर व्हायचं,
अंड्यांची बाहेरची वाट तिच्या इशाऱ्यावर उघडणार.
दुसरीनं गर्भाशयात मुरायचं.
कोणती कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही.

दोघी बोलतात, दोघी ऐकतात,
अंगाला अंग लागलेलं, निरोपाला तेवढं पुरतं.
मग कशानं कोण जाणे
एकीचा आवाज तसूभर चढतो.
जी ऐकते ती बोलणं कमी करते,
जिला कमी ऐकू येतं ती आणखी बोलते.
काही तासांत
एक नुसता आवाज, दुसरी नुसता कान.

बहुतेकदा आधी जन्मलेलीच ऐकत राहते.

आमच्या घरी हे एका जेवणात झालं.
फांश, माझा बाप, सुजलेला गुडघा चोळत म्हणाला,
कांद्याचं शेत आता कोण बघणार?
काळ्या पिठाच्या घावनावर लोणी विरघळत होतं.
मी तोंड उघडलं. रोझेननंही.
तिचं ‘मी’ श्वासभर आधी आलं.
माझं घासाबरोबर खाली गेलं.
थोरली मी, दीड वर्षानं.
कुणी पुन्हा विचारलं नाही.

आज लेझर होता.
दोघींतली एक जाळायची
आणि उरलेलीचं काय होतं ते बघायचं.
वेळेत जाळली तर उरलेली नांगरच होते,
कुठलीही उरो.
म्हणजे नांगर तिच्याही अंगात होता,
शेजारणीनं गप्प बसवलेला.
वेळ टळली की मात्र नाही.

वहीत लिहिलं : बावीसपैकी बावीस.
हात धुतले, फोन लावला.
रोझेन गोठ्याच्या दिव्याखाली
गुलाबी कांद्यांच्या वेण्या घालत होती.
‘काय गं अझेनोर, एवढ्या रात्री?’
‘काही नाही. तू बोल.’
ती बोलली. डिझेलचा भाव,
बाबांचा दुसरा गुडघा,
नांगराचा फाळ पार झिजलाय,
बसवायला माणूस मिळत नाही.

म्हटलं, शनिवारी मी येते. मी बसवते.

पलीकडून थोडा वेळ
फक्त सालांची सळसळ.