पावणेचार फेऱ्या

रौनो, अकरा उन्हाळे आपण एकत्र पळालो
आणि पळताना तुझा चेहरा मी एकदाही पाहिला नाही.
तुला ओळखायचो ते खिळ्यांच्या बुटांवरून:
ओल्या राखेच्या ट्रॅकवर खरक, खरक,
उजवा पाय किंचित उशिरा,
आणि नाकातून चाललेला तो श्वास,
पगाराच्या नोटा दोनदा मोजणाऱ्या माणसासारखा.

पहिली फेरी साठ. दुसरी एकसष्ट.
तळ्यावरचा वारा दर वळणानंतर
माझ्या छातीवर येऊन बसायचा, तुझ्या नाही.
इसाल्मीच्या त्या मैदानावर रात्री नऊलाही ऊन,
लाकडाच्या गिरणीचा वास, डास,
बर्चच्या झाडांना टेकवलेल्या सायकली,
आणि तुझी सावली माझ्या सावलीच्या पोटात शिरलेली.
लोक म्हणत, रौनो दम धरून आहे.
माझ्याबद्दल म्हणत, आर्वोला दम निघत नाही.
एकाच शब्दात दोघे राहत होतो आपण.
भाडं तेवढं मी भरायचो.

मग घंटा.
हिल्क्काबाई ती वाजवायच्या, बंद पडलेल्या शाळेची पितळी घंटा,
माझ्यासाठी एक टोला आणि लगेच तुझ्यासाठी एक.
पुढचे शंभर मीटर काही नाही. दोनशे, काही नाही.
शेवटच्या वळणात ती खरक खरक
क्षणभर थांबल्यासारखी व्हायची.
मानेवरचे केस आधी सांगायचे, मग उजवीकडून निळी बंडी,
मग तुझी पाठ.
तीच काय ती मी पाहिली, दर वेळी तेरा सेकंद.
अकरा वर्षांत दोनदा जिंकलो.
त्यातल्या एकदा तुला ताप होता.

बाहत्तरच्या ऑगस्टात आमचा कल्लेवो म्हणाला,
या वेळी तू मागे राहा. राहिलो.
बंदूक वाजली आणि कुणी निघेचना.
नऊ जण, दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत
खोळंबलेल्या पाहुण्यांसारखे.
पहिली फेरी ब्याऐंशी.
शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, कॉफी आणू का?
तुझी मान मी पहिल्यांदा नीट पाहिली,
उन्हानं सोललेली, कानामागे तीळ.
वारा नव्हता. फार सोपं होतं सगळं,
आणि तुझ्या पाठीपलीकडे काही दिसत नव्हतं:
ना तळं, ना वळण,
ना तो समोरचा रिकामा काळा पट्टा
जो दर वेळी माझा असायचा,
चौदाशे मीटर तरी माझा.
सातशेला मी निघालो.
कल्लेवोनं टोपी जमिनीवर आपटली.
जिंकलास अर्थात तूच.

गेल्या हिवाळ्यात, साखरेचा खडा दातांत धरून
कॉफी ओढता ओढता तू सहज म्हणालास,
'तुझी पाठ मला पाठ आहे.
पांढऱ्या बंडीला खाली रफू, पिवळ्या दोऱ्याचं,
तुझ्या आईच्या हातचं असणार.
आणि तेराशेच्या पुढे डाव्या खांद्याचं हाड वर यायला लागायचं.
घड्याळ मी कधी पाहिलं नाही.
ते हाड पाहायचो.'

इतकी वर्षं मला वाटलं, तू माझ्या मागे लपतोस.
तू तर वाचत होतास.
मी तुला एक शिवी दिली. तू खडा फोडलास.

आता तळ्याभोवती चालतो आपण, रविवारी.
पायवाट अरुंद, तुझा एक गुडघा लोखंडाचा.
मी पुढे. सवय.
मागून काठीची टक,
उजवा पाय किंचित उशिरा.
कधीतरी ती टक थांबते.
मानेवरचे केस उभे राहतात,
आणि वळून न बघता
मी उजवीकडे थोडी जागा सोडतो.