माजी

रंग लावण्याआधी मी चेहरा पुसतो.
डिचोलीत तेव्हा दुसरा इलाजच नव्हता.
खाणीचे ट्रक दिवसभर धावत,
आणि राजा, विदूषक, ऋषी, सगळेच
अग्रशाळेच्या पायरीवर लालभडक येऊन बसत.
ओलं फडकं फिरवल्यावर कळे
कोण कोण आहे ते.

हेमश्री गावस नऊ वर्षांची होती.
राजपुत्राचं काम, दुसऱ्या अंकात मरायचं.
मी सवयीनं मिशी काढायला निघालो तर म्हणाली,
"बाबलदादा, मी अजून लहान आहे ना नाटकात?"
तेव्हा तो चेहरा नीट पाहिला.
डावी भुवई उजवीपेक्षा
तांदळाच्या दाण्याएवढी वर.
काजळानं सारखी करून दिली.
कुणाला सांगितलं नाही.

एक्याण्णव साली ती मिस मांडवी झाली.
जुना पूल पडलेला, नवा व्हायचा होता,
बेतीच्या फेरीबोटीतून आम्ही अकराजण गेलो
आणि तिचा झगा, म्हापशाच्या रेजिनाबाईनं शिवलेला,
सबंध नदीभर मी दोन्ही हातांवर आडवा धरून उभा होतो,
आजारी माणसाला धरावं तसा.

प्रश्न इंग्रजीत आला.
तिनं उत्तर दिलं ते
पिंपळाखाली गोणपाटावर बसलेल्या
शेवटच्या म्हातारीला ऐकू जावं, अशा आवाजात.
परीक्षक दचकले. मग टाळ्या.
मुकुट वर्षानं परत करायचा होता.
पावती तिच्या वडिलांनी सही करून
रेशनकार्डात ठेवली.

मग मुंबई. तिथं तिसरी आली.
साबणाची जाहिरात मिळाली, त्यात फक्त हात.
काजूवाल्यांच्या कॅलेंडरवर ऑगस्ट महिना.
(माझ्या सलूनात तो ऑगस्ट
सहा वर्षं चालला.)
म्हापशात टीव्हीच्या दुकानाची फीत,
साखळीत स्कूटरच्या शोरूमची,
कुळ्याला फुटबॉलची बक्षिसं, भर पावसात,
छत्री धरणारा तिच्याकडे बघत होता, छत्रीकडे नाही.
कात्री सगळीकडे चकचकीत
आणि एकीलाही धार नाही, हे तीच सांगायची.

पुढं कॅसिनोच्या बोटीवर.
दारात उभं राहून येणाऱ्याला हसून "या" म्हणायचं,
रात्री नऊ ते पहाटे पाच.
गावातले म्हणाले, नावाप्रमाणे नदीवर गेली.
ती कधी काही बोलली नाही.
एकदाच, दिवाळीला आली तेव्हा म्हणाली,
"दादा, बोट चालते असं वाटतं बघ लोकांना,
पण ती एकाच जागी असते."

आता पतसंस्थेत. काउंटर दोन, मुदत ठेवी.
चष्मा नाकावर, पेन दोऱ्यानं बांधलेलं.

यंदा जत्रेच्या नाटकात राजमातेला बाई मिळेना,
तर तीच म्हणाली, मी करते.
कमिटीला वाटलं, नावावर गर्दी होईल.
पोस्टरवर घाला ठळक: माजी मिस मांडवी.
माजी सरपंच असतो, माजी आमदार असतो,
तसंच हे.

छापखान्यानं ज चा झ केला.

बसस्टँडवर, तळीच्या भिंतीवर, बँकेच्या दारावर
दोनशे पोस्टरं: माझी मिस मांडवी.
कमिटी छापखान्यावर धावून गेली,
पोरं हसून लोळली,
पैसे कापा म्हणाले, वर चिकटपट्ट्या लावा म्हणाले.
तिनं चष्मा पुसून एकवार वाचलं.
"कापू नका त्याचे," म्हणाली,
आणि संवादांची वही काढून बसली.

रात्री ती अग्रशाळेत माझ्यापुढं बसली.
खाणी बंद आहेत, फडकं स्वच्छ निघतं,
तरी पुसलं.
पांढरे केस लावायला घेतले, ते थोडेच लागले.
मग काजळाची काडी उचलली
डाव्या भुवईपाशी,
तर तिनं मनगट धरलं माझं.
"असू दे ती वर."

बाहेर दुसरी घंटा झाली.
मी पेटी आवरायला लागलो.
सफेद्याच्या डब्याखाली, चौपदरी घडी करून,
एक पोस्टर आहे.
ते वर येऊ नये म्हणून
त्यावर पिवडीची बाटली ठेवली.